पावशेर सोयाबीन, अर्धं तिकीट

रुमालाच्या गाठीत पावशेर सोयाबीन बांधून ती बाई जानेफळहून मेहकरला निघाली होती. विकायला नव्हे. एका खरेदीदारानं यंत्र लावून ओल चौदा सांगितली होती आणि तिला ती पटली नव्हती. "मळणी झाल्यावर चार दिवस उन्हात टाकलं. दाणा दाताखाली कडकन् वाजते. मंग चवदा कुठून आली बाप्पा?" तिनं मला विचारलं, जणू मीच यंत्र लावलं होतं. मग गाठ सोडून चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "मेहकरले दुसऱ्या ठिकाणी लावून पाहतो. अर्धं तिकीट हाय, जाते काय आपलं?"

मेहकर येईपर्यंत ती सोयाबीनवरच बोलत होती. झडती किती लागली, सोंगणीला मजूर कसा मिळाला नाही, शेंगा भरायच्या वेळी पाऊस कसा बसून राहिला. मी ऐकत होते. पण मन अडकलं ते तिच्या शेवटच्या वाक्यात. अर्धं तिकीट आहे, जातं काय आपलं.

आमच्या गावात मतांची कधी टंचाई नसते. सकाळी चहाच्या टपरीवर एक पेपर दहा हातांतून फिरतो आणि दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांचा निकाल लागतो. मला ते बोलणं आवडतं. ज्या गावात माणसं बातमीवरून भांडत नाहीत, ते गाव मला आजारी वाटतं. पण आपलं मत खरं की खोटं हे तपासायला कामधाम सोडून बसमध्ये बसलेलं माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. ही बाई वादाला निघाली नव्हती, मोजायला निघाली होती.

आणि मोजण्यासारखं खूप आहे. केंद्र सरकारनं 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरवला. त्या भावानं सरकारी खरेदीत माल द्यायचा तर ओल 12 टक्क्यांच्या आत हवी. आदल्या वर्षी, 2024 च्या नोव्हेंबरात, ओरड फार झाली तेव्हा ही मर्यादा त्या हंगामापुरती 15 टक्क्यांवर नेली गेली. खाजगी बाजारात ओल वाढली की भाव उतरतो. म्हणजे ओलीचा आकडा हा आमच्याकडे विज्ञानाचा विषय नाही. तो मुलीच्या फीचा, किराणा दुकानाच्या उधारीचा, पुढच्या बियाण्याचा विषय आहे. मोर्चे भावासाठी निघतात, आणि निघायलाच हवेत. पण घरातलं धान्य घेऊन दुसऱ्या यंत्रावर जाणं हेही त्याच लढाईतलं एक पाऊल आहे. ते पेपरात येत नाही, एवढंच.

हे पाऊल त्या बाईला परवडलं, कारण 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीचं तिकीट बायकांना अर्ध्या दरात मिळतं. त्याआधी, 2022 च्या ऑगस्टपासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. 2025 च्या जानेवारीत भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरी अर्धं ते अर्धंच राहिलं. ही सवलत सुरू झाल्यापासून आमच्या गाड्यांचं आतलं चित्र बदललं आहे. पूर्वी बाई बसमध्ये दिसली की कारण ठरलेलं असे: दवाखाना, लग्न, मयत, माहेर. आता कारणं वाढली. कुणी शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला एकटी जाऊन संध्याकाळी परत येते. कुणी खामगावला चार दुकानं हिंडून शिलाई मशीनचा भाव काढते. कुणी बारा जानेवारीला जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेडराजाला जाते आणि गर्दीत उभी राहून भाषणं ऐकते.

आमची मोठी आई या अर्ध्या तिकिटावर फार बोलते. बसचा विषय निघाला की तिला थांबवणं कठीण, आणि त्याला कारण आहे.

मोठी आई लग्न होऊन जानेफळात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. माहेर घाटाखाली, खामगाव तालुक्यातलं. बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमचा जिल्हा दोन मजल्यांचा आहे. घाटावर मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर. वरचा वारा वेगळा, खालचं ऊन वेगळं. खालची पोर वर दिली की माहेर डोळ्यांआड होतं. सणाला भाऊ मुराळी म्हणून यायचा, तेव्हाच जायचं. भाऊ नाही आला तर सण सासरी. तिकिटाचे पैसे पुरुषांच्या खिशात असायचे आणि ते मागायची रीत नव्हती.

ती आली आणि पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, गुरं विकली गेली. सरकारनं कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध. 1973 च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं राबत होती. त्यांत आमच्या घरातली तिघं होती आणि तिघांत ती. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. हातोडीचा घाव चुकला की बोट फुटायचं. चिंधी बांधायची आणि पुढचा दगड घ्यायचा. दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीची चव अजून जिभेवरून गेली नाही म्हणते, आणि हे सांगताना तोंड कडू करते.

पण या गोष्टीत तिचा आवाज चढतो तो पगाराच्या दिवसाशी आला की. आठवड्याचा पगार वाटायला साहेब हजेरीपत्रक घेऊन बसले होते. सासरे पुढं झाले, तिघांचे पैसे एकदम द्या म्हणाले. साहेब म्हणाले, ज्याचं नाव त्याचा अंगठा आणि ज्याचा अंगठा त्याच्या हातात पैसे. मोठी आई पदर सावरत पुढं गेली, शाईत अंगठा बुडवला. तळहातावर नोटा पडल्या. जन्मात पहिल्यांदा. त्यांतल्या बहुतेक तिनं घरी येऊन सासूच्या पुढ्यात ठेवल्या. पुढच्या आठवड्यात थोड्या मागं ठेवल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी थोड्या. आणि एका सुट्टीच्या दिवशी, आईला बरं नाही असा निरोप आल्यावर, कुणाला सोबत न घेता ती खामगावच्या एसटीत बसली.

माहेरच्या अंगणात बापानं विचारलं, "कोनासंगं आली?"

"येष्टीसंगं."

हा शब्द सांगून ती दर वेळी थांबते आणि समोरच्याकडे पाहते. परत आल्यावर सासू तिच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मोठ्या बाबांनी, तिच्या नवऱ्यानं, मात्र काहीच म्हटलं नाही. तेवढ्यासाठी तिनं त्यांना जन्मभर मान दिला. तो रस्ता पुढं डांबरी झाला, रुंद झाला, पुन्हा पुन्हा खोदला गेला. तरी त्या टप्प्यावरून गाडी गेली की ती खिडकीतून खाली पाहते आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगते, "ह्या सडकीत माही खडी हाय."

मला पुढं पुस्तकांतून कळलं की त्या हजेरीपत्रकामागं मोठा विचार होता. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला: मागेल त्याला काम. त्याचीच पुढं राज्याची रोजगार हमी योजना झाली आणि 1977 साली विधिमंडळानं तिचा कायदा केला. देशानं तसा कायदा करायला 2005 उजाडलं. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मोठ्या आईला त्यांचं नाव ठाऊक नाही. पण तो विचार चांगला होता की नाही हे विचारायचं झालं तर मी तिच्याकडंच जाईन, कारण त्यानं तिच्या अंगठ्याला किंमत दिली.

तिला एकदा म्हटलं, कर्नाटकात, तमिळनाडूत बायकांना बस फुकट आहे, आपल्याकडं अर्धीच. ती म्हणाली, "फुकट कायले पायजे? पंच्याहत्तर होईन तवा पाहू. अर्धे पैशे मी देतो ना, मंग सीट माही हाय. कोनी उठ म्हनू शकत नाही." मला तिचं पूर्ण पटत नाही. ज्या बाईच्या हातात अर्धेही पैसे नाहीत तिला फुकटच हवं. पण पैसे देऊन बसण्यात तिला जी ताठ मान मिळते, ती मी नाकारू शकत नाही.

अलीकडे घरोघरी दुसरा विषय आहे, लाडकी बहीण योजनेचा. 2024 च्या जुलैपासून दरमहा 1,500 रुपये. नाव राहिलं का, नाव उडालं का, ई-केवायसी झाली का. टपरीवर या पैशांवर तावातावानं बोललं जातं. बायका बिघडतील इथपासून तिजोरी रिकामी होईल इथपर्यंत. तिजोरीची काळजी मलाही आहे. बायका बिघडतील हे म्हणणं मात्र मी ऐकून घेत नाही. त्या पैशातून शेगडीचं सिलिंडर आलेलं, नातवाचे बूट आलेले, सासऱ्यांच्या गोळ्या आलेल्या मी पाहिल्या आहेत. तरी माझं माप विचाराल तर मी अर्ध्या तिकिटाला वरचं ठेवीन. खात्यात आलेले पैसे घरातलं कुणीही मागू शकतं आणि बाई ते देऊन टाकते. तिकिटाची सवलत तिच्याकडून कुणाला काढून घेता येत नाही. ती वापरायची तर तिला स्वतःलाच उठावं लागतं, चप्पल घालावी लागते, उंबरा ओलांडावा लागतो. ज्या मदतीसाठी बाईला घराबाहेर पडावंच लागतं, ती मदत मला जास्त मोलाची वाटते.

मेहकर आलं की माझी नजर नेहमी कचेरीच्या दिशेला जाते. या गावात ना. घ. देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. जन्म सिंदखेडराजाचा, 1909 चा. त्यांची 'शीळ' गो. ना. जोशींनी गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताचा आरंभ लोक तिथून मोजतात. 1986 मध्ये 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाणं मुंबई-पुण्याच्या घराघरांत गेलं, कवी मेहकरातच राहिला. मला ही माणसं फार प्रिय आहेत, जी आपलं गाव न सोडता दूरवर ऐकू गेली. ज्या बाजारगावात शारंगधर बालाजीची प्रचंड मूर्ती 1888 साली जमिनीतून निघाली, तिथंच ही कोवळी गाणी जन्मली. आमच्या शाळांतल्या मुलींना हे दोन्ही दाखवायला आणलं पाहिजे. अर्ध्या तिकिटात आईही बरोबर येईल.

आता मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. मुंबई-नागपूर, 701 किलोमीटर, 2025 च्या जूनमध्ये पूर्ण झालेला. मी त्याच्या विरोधात नाही. आमचा माल, आमचे आजारी लोक लवकर पोचावेत, कोणाला नको आहे? पण त्या रस्त्यावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही, हात दाखवून गाडी थांबत नाही. 2023 च्या एक जुलैच्या पहाटे सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर खाजगी बस पेटून 25 माणसं गेली. त्या सकाळी आमच्या टपरीवर कुणी वाद घातला नव्हता. वेगाबद्दल आपण जेवढं बोलतो तेवढं पोचण्याबद्दल बोलत नाही.

जानेफळसारख्या गावाचं जगणं मेहकर-खामगावच्या साध्या रस्त्यावर चालतं, जिथं एसटी थांब्याथांब्याला थांबते. गेल्या काही वर्षांत राज्यात एसटीच्या गाड्या कमी झाल्या आणि बसणाऱ्या बायका वाढल्या. दाराशी लोंबकळत जाणाऱ्या कॉलेजच्या मुली रोज दिसतात. सवलत जाहीर करणं एका दिवसाचं काम आहे. गाडी वेळेवर सोडणं रोजचं काम आहे, आणि सरकारची परीक्षा रोजच्या कामात होते. शेवटची गाडी चुकली, रद्द झाली, की दुसऱ्या दिवशी घरातली माणसं म्हणतात, कायले गेली होती? आणि बाई पुढच्या वेळी घरीच थांबते.

म्हणून येत्या निवडणुकीत, मग ती ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, जो कोणी दारात येईल त्याला बायकांनी एकच विचारावं: तिकीट अर्धं केलंत, चांगलं केलंत, आता आमच्या गावाला सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची गाडी पूर्ण द्या.