तिथीची पाऊणपट

आमच्या गावात हिवाळा लागल्याचे थंडीपेक्षा घड्याळावरून आधी कळते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी साऱ्या देशाची घड्याळे एक तास मागे होतात, आणि डिसेंबरात तर दुपारी चारलाच दिवेलागण होते. सकाळी आठलाही पुरते उजाडलेले नसते. मधल्या आठ तासांत पाऊस केव्हा उघडेल याचा नेम नाही. म्हणून सहलीचे बेत आम्ही आदल्या दिवशी करीतच नाही. ढग जरा फाटले, की डबा भरायचा, मुलांना कोट-बूट चढवायचे आणि निघायचे!

हे गाव म्हणजे वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे स्वान्सी. वेल्श भाषेत ‘आबेरतावे’, म्हणजे तावे नदीचे मुख. मी पुण्याची. मुठेला पूर आला की पुलावर उभे राहून तो पाहायचा, एवढाच काय तो माझा पाण्याशी संबंध. आमचे ‘हे’ मात्र देवगडचे. नोकरी इथे मिळाली, तेव्हा पगाराआधी त्यांनी किनारा पाहिला असावा, असा मला दाट संशय आहे.

2022 च्या नोव्हेंबरात सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे जाऊन वर्षही झाले नव्हते. सहा महिने राहायची परवानगी होती. तेवढाच पालट होईल, असे आम्हांला वाटले होते. पण आई खिडकीशी बसून राहायच्या. विचारले तर बोलायच्या, वाढले तर जेवायच्या. बाजारात नेले. तिथे पेनक्लॉथचे कॉकल मिळतात, आपल्या तिसऱ्यांच्या जातीतले. इथली माणसे ते उकडून, व्हिनेगर आणि मिरपूड घालून खातात. घरी आणून आईंनी त्यांना खोबरे आणि आमसूल लावले. सर्वांनी बोटे चाटली. आई पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या.

मला खरा घोर होता तो धाकटीचा. ती तेव्हा सात वर्षांची होती. मराठी तिला सगळे कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. आजी आणि नात एकाच सोफ्यावर बसून एकमेकींकडे पाहून हसत. त्यापुढे गाडी सरकत नसे. सहा महिने असेच गेले, तर या दोघींची ओळख फोटोपुरतीच राहणार, हे मला दिसत होते.

नाताळच्या सुट्टीत, 23 डिसेंबरला, आम्ही दुपारी किनाऱ्याने मम्बल्सकडे चालत निघालो. या वाटेवर एके काळी आगगाडी होती. 1807 साली जगात पहिल्यांदा भाडे घेऊन उतारूंची ने-आण झाली ती हिच्यावरच. तेव्हा डबा घोडे ओढीत. 1960 साली ती बंद झाली. वाटेत सेंट हेलन्सचे मैदान लागते. तिथे पोचले, की ह्यांचे व्याख्यान सुरू होते : इथेच 1968 साली सोबर्सने एका षटकात सहा षटकार मारले. पुढे 1985 साली मुंबईत तो पराक्रम आपल्या रवी शास्त्रीने केला, आणि मग हाच शास्त्री इकडे येऊन ग्लॅमॉर्गनकडून खेळला! आम्हांला हे तोंडपाठ आहे.

त्या दिवशी मात्र व्याख्यान मध्येच थांबले. आई कठड्याशी उभ्या राहून समोर पाहत होत्या. पाणी पार क्षितिजाकडे गेले होते आणि सगळा उपसागर म्हणजे नुसती ओली वाळू झाली होती.

“आज तिथी कोणती गं?” त्यांनी विचारले.

“अमावास्या.”

“मग भर दुपारी ओहोटी कशी? अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती हवी.”

घरी येताच त्यांनी ह्यांच्याकडून भरतीचे वेळापत्रक मागून घेतले, भिंतीवरचे कालनिर्णय उतरवले आणि पेन्सिल घेऊन बसल्या. कोकणात ठोकळ हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आठवडाभर ताळा पाहून आईंनी निकाल दिला : “तिकडे जी भरतीची वेळ, ती इथे ओहोटीची. वर पाऊण तास धरायचा.” चंद्र तोच, पण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी पोचते. शिवाय ब्रिस्टलची खाडी नरसाळ्यासारखी निमुळती होत गेल्यामुळे उधाणाला इथे पाणी साडेआठ मीटरांच्या आसपास चढते. म्हणजे जवळजवळ तीन मजले!

धाकटीला हा जादूचा खेळ वाटला. पण त्यात एक मेख होती. तिथी आल्याशिवाय हिशेब येत नाही, आणि तिथी इंग्रजीत नाहीत. मग प्रतिपदा, द्वितीया, तृतीया सुरू झाले. ‘पाऊणपट’ आले, ‘सव्वा’ आले, ‘अडीच’ आले. चुकले की आजी दटावी, बरोबर आले की पाठीवर थाप पडे. पुढे पुढे सहलीची वेळ या दोघीच ठरवू लागल्या.

फेब्रुवारीच्या 5 तारखेला, माघी पौर्णिमेला, आम्ही रॉसिलीला गेलो. गावाबाहेर गावर नावाचे द्वीपकल्प आहे, त्याचे हे पश्चिम टोक. तिथून समुद्रात वर्म्स हेड नावाचा लांबट डोंगर गेला आहे. मधली खडकाळ वाट ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास उघडी असते, एरवी पाण्याखाली. मुंबईकरांना हाजीअलीची वाट आठवेल. फक्त इथे फरसबंदी नाही आणि ओढ भयंकर असते.

आम्ही टोकाशी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. “सव्वा तास आहे. निम्म्यावरून परत येऊ,” असे म्हणत हे उतरूही लागले. थोरला त्यांच्यामागे. आई जागच्या हलल्या नाहीत.

“बाबा, थांब!” धाकटी ओरडली. “पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर पाऊण तास, म्हणजे बारा. अडीचला वाट बंद. पाणी थांबत नाही!”

एका दमात, सगळे मराठीत. हे मुकाट्याने वर आले.

आम्ही गवतावर बसून पोळीभाजी खाल्ली. अडीचच्या सुमाराला खडकांमध्ये दोन्ही बाजूंनी पाणी शिरले आणि पाहता पाहता वाट दिसेनाशी झाली. आई बराच वेळ तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “मी देशावरची. लग्न होऊन आले तेव्हा समुद्राची भीती वाटायची. पहिल्या वर्षी ह्यांनीच मला किनाऱ्यावर नेऊन पाऊणपट शिकवली. म्हणाले, वेळ कळली की भीती जाते.”

सासऱ्यांचे नाव निघाल्यावर त्या रडल्या नाहीत, असे त्या दिवशी पहिल्यांदाच झाले. ही गोष्ट ह्यांनाही ठाऊक नव्हती. धाकटीने विचारले, “आजोबांना कोणी शिकवली?” आणि परतताना गाडीत घरापर्यंत आजोबांच्याच गोष्टी चालल्या.

एप्रिलमध्ये आई देवगडला परत गेल्या. “आणखी राहा,” असे आम्ही म्हटले. पण त्यांना आपले घर उघडायचे होते, आणि आता ते एकटीने उघडायचे बळ त्यांना आले होते. दर रविवारी फोन येतो. धाकटी आधी तिथी सांगते, दोघी आपापल्या भरतीची वेळ काढतात, आणि मग शाळा, मैत्रिणी, आंब्याचा मोहोर असे काय काय निघते. मी स्वयंपाकघरात ऐकत असते. अडला शब्द ती आजीलाच विचारते. माझी गरज पडत नाही.