ठाण्याचं पालघर करताना

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरीच्या गावांचा पत्ता एका रात्रीत बदलला. पण २०११च्या जनगणनेच्या याद्यांत ती गावं ठाण्यातच आहेत, आणि त्या याद्यांवरून बनलेली विकिपीडियाची पानं वर्षानुवर्षं तेच सांगत राहतात. असली दुरुस्ती पानोपानी हातानं करणं म्हणजे जिवाला त्रास. ती बॉटकडे, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामकडे द्यावी. मी पायविकिबॉट वापरतो. पायथनमधलं हे मुक्तस्रोत साधन अमुक शोधून तमुक घालतं, आणि कुरकुरत नाही.

खरी मेहनत आधीची. नुसतं ‘ठाणे’ शोधलं तर डहाणूचं पोलीस ठाणंही गळाला लागतं. शिवाय ‘ठाण्यात’, ‘ठाण्याच्या’ निसटतात ते वेगळंच. मे १९४५मध्ये वारली आदिवासी तलासरीतल्या झरीला जमले तेव्हा झरी ठाणे जिल्ह्यातच होती. त्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या पानावरच्या त्या वाक्यात पालघर घुसवलं तर इतिहासच खोटा होईल. तलासरी तालुक्यात एक गिरगावही आहे. नावावर विसंबलेला बॉट वाचकाला थेट मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर नेऊन सोडतो! म्हणून मी गावं नावानं जुळवत नाही. जनगणनेचा सहा अंकी गाव-क्रमांक धरतो. आधी काहीही जतन न करता बॉट चालवतो आणि होऊ घातलेले बदल चहा घेत वाचून काढतो.

ही सावधगिरी लागतेच. प्रोग्रामरांच्या गिटहबवरचा डिपेंडाबॉट बदल सुचवतो आणि थांबतो. होकार माणूस देतो. विकिपीडियावरचा बॉट मात्र थेट लिहितो. वर त्याच्या खात्याला बॉटचा दर्जा मिळाला की ‘अलीकडील बदल’मधून त्याची संपादनं एरवी लपतात. सोय आहे, पण मला ती खटकते. पहिली खेप मी दर्जाशिवाय, सावकाश चालवतो, म्हणजे चार डोळे पडतात.

एवढं करूनही बॉट जिल्हाच बदलतो. समुद्रकाठच्या बोर्डीला आणि आतल्या कासाला हवामानाची तीच ती साचेबंद वाक्यं चिकटली असतील, तर ती हटवायला तिथला माणूसच लागतो. तुम्ही झाईचे, उधव्याचे असाल तर आपल्या गावाचं पान एकदा उघडा. चूक बॉटची असेल, तर त्याच्या चर्चापानावर मराठीत दोन ओळी लिहा. त्या आम्ही वाचतो.