न ओळखलेल्या पक्ष्याची नोंद

ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांची यादी भरून झाली की शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? ‘हो’ म्हणायचं तर कावळा, साळुंकी, पारवा यांनाही मान द्यावा लागतो. एखादा देखणा गरुड तेवढा टिपून यादी मिटवता येत नाही. शास्त्रज्ञांनी हा प्रश्न स्वतःच्या गरजेपोटी घातला. काय दिसलं नाही हे कळल्याखेरीज एखादी जात वाढते आहे की घटते आहे हे सांगता येत नाही. प्रौढांच्या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र त्या ओळीत आमच्या विषयातल्या एका जुन्या वादाचं उत्तर दिसतं. छंदाच्या ऑनलाइन जाळ्यांत, शिक्षकाविना आणि परीक्षेविना जे शिकणं चालतं, त्याला उद्दिष्ट हवंच. पण ते ‘किती मिळवलं’ याचं नको, ‘कसं पाहिलं’ याचं हवं.

हौसेच्या गोष्टीला कसलं आलंय उद्दिष्ट, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना टोरांटोच्या ॲलन टफ यांचं काम दाखवावंसं वाटतं. प्रौढ माणसं आपणहून काय काय शिकतात, हे त्यांनी खोलवर मुलाखती घेऊन तपासलं आणि १९७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. सहा महिन्यांत किमान सात तास ठरवून दिलेले असतील तरच त्याला ‘शिकण्याचा प्रकल्प’ म्हणायचं, अशी त्यांची कडक अट होती. तरीही माणशी वर्षाला सरासरी आठ प्रकल्प निघाले, प्रत्येकाला शंभरेक तास, आणि बहुतेक प्रकल्पांची आखणी शिकणाऱ्याने स्वतःच केलेली. नमुना लहान होता हे खरं. पण नंतर इतर देशांत झालेल्या पाहण्यांतही चित्र साधारण असंच आलं. म्हणजे हौशी माणूस वाऱ्यावर शिकत नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी बेत असतोच. तो बेत कोणत्या जातीचा आहे, एवढंच पाहायचं.

इथे उद्दिष्टांच्या मानसशास्त्राचा आधार घेतला जातो, आणि बहुधा अर्धवट घेतला जातो. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे: ‘जमेल तेवढं करा’ यापेक्षा नेमकं आणि कठीण लक्ष्य दिलं की काम जास्त होतं. त्याचा गाजलेला दाखला ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांचा. ते कायदेशीर मर्यादेच्या जेमतेम ६० टक्के माल भरत. नेमकं लक्ष्य दिल्यावर प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात गेलं. हा अभ्यास १९७५ चा. पण ट्रक कसा भरायचा हे त्या चालकांना आधीपासून येत होतं, ही गोष्ट सांगताना गळते. जे काम अजून यायचंच आहे, तिथे काय होतं? रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमानं उतरवण्याचं नकली काम दिलं, तेव्हा शिकण्याच्या सुरुवातीलाच आकड्याचं लक्ष्य दिलं तर कामगिरी खालावते असं दिसलं. शिकायला लागणारं लक्ष आकडाच खाऊन टाकतो. पुढे खुद्द लॅथमच सांगू लागले की नव्या आणि गुंतागुंतीच्या कामात निकालाचं नव्हे, शिकण्याचं लक्ष्य द्या. पक्षिनिरीक्षकाच्या भाषेत सांगायचं तर ‘यंदा तीनशे जाती’ हे ट्रकचालकाचं लक्ष्य झालं. हिवाळ्यात येणारे पर्णवटवटे भुवई, पंखावरची पट्टी आणि आवाज यांवरून वेगळे करता येणं, हे शिकणाऱ्याचं.

आता जाळ्याकडे येऊ. संकल्प चारचौघांत जाहीर केला की तो तडीस जातो, ही समजूत पक्की आहे. पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिला चांगलाच धक्का दिला: ‘मी अमुक होणार’ अशा स्वरूपाचा इरादा दुसऱ्याने ऐकून मान्य केला की माणसाला ते होऊन गेल्याचं समाधान आधीच मिळतं आणि प्रत्यक्ष काम कमी होतं. उलट २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला गेला, त्यात प्रगतीची नोंद ठेवण्याने उद्दिष्ट साधायला मदत होते असं आढळलं; नोंद लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर अधिकच. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. इरादा जाहीर केला की टाळ्या मिळतात, केलेलं काम मांडलं की प्रश्न मिळतात. व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकून ‘आयडी प्लीज’ म्हणणाऱ्याला नाव मिळतं, अंगठे मिळतात, आणि तोच पक्षी पुढच्या महिन्यात पुन्हा अनोळखी राहतो. त्याच फोटोखाली ‘मला हा शिक्रा वाटतो, छातीवरच्या आडव्या रेघांमुळे’ असं लिहिलं तर उत्तर देणाऱ्यालाही नुसतं नाव टाकून सुटता येत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आकड्याची ओढ नसेल तर माणसं येणारच नाहीत. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही, कारण ईबर्डचा इतिहासच त्याच्या बाजूने साक्ष देतो. २००२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ‘विज्ञानासाठी नोंदी द्या’ या आवाहनाला प्रतिसाद बेताचाच होता. २००५ च्या सुमारास स्वतःची आयुष्यभराची यादी ठेवण्याची, इतरांशी ताडून पाहण्याची सोय झाली आणि नोंदींचा ओघ वाढला. आकडा माणसाला दारापर्यंत आणतो हे मान्य. पण आत आल्यावर ईबर्डने काय मोजलं? क्रमवारीत जातींच्या संख्येसोबत पूर्ण याद्यांचीही, म्हणजे त्या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलेल्या याद्यांचीही, मोजणी ठेवली. पूर्ण याद्यांमध्ये पुढे जायला दुर्मीळ पक्ष्यामागे गाडी पळवावी लागत नाही. गच्चीवर पंधरा मिनिटं निमूट बसावं लागतं. अशा हौशी नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल उभा आहे: सुमारे तीस हजार निरीक्षक, तीन कोटी नोंदी, ९४२ जातींचा आढावा. शिकणं आणि विज्ञान दोन्ही त्या एकाच सवयीवर पोसलं गेलं.

दुसरा आक्षेप: सगळेच हौशी, मग चूक सुधारायची कोणी? आंधळ्याने आंधळ्याचा हात धरण्याचाच हा प्रकार, असं विद्यापीठात बसून म्हणणं सोपं असतं. पण ईबर्डवर त्या भागात, त्या महिन्यात अपेक्षित नसलेली जात किंवा संख्या टाकली की यंत्रणा अडवते आणि एखादा स्वयंसेवी तपासनीस वर्णन मागतो. असा सवाल वर्गात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. त्याहून मोलाची वाटते ती दुसरी सोय: जात नक्की ठरत नसेल तर नुसतं ‘पर्णवटवट्या’ असं कुळापुरतं लिहिता येतं. आपल्या शाळेत कोरं उत्तर म्हणजे शून्य. इथे ‘एवढंच कळलं’ हेही रीतसर उत्तर आहे. जातींचा आकडा हेच लक्ष्य असेल तर ही नोंद कुचकामी, कारण ती एकानेही भर घालत नाही. पाहण्याचं लक्ष्य असेल तर मात्र यादीतली सर्वांत उपयोगी ओळ तीच, कारण उद्या काय शिकायचं ते ती सांगते.

२०२१ पासून मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगू लागलं आहे, त्यामुळे हा भेद अधिकच टोकदार झाला आहे. फोन उंच धरून दहा मिनिटांत वीस नावं गोळा करता येतात आणि डोकं वरही करावं लागत नाही. म्हणून ॲप वाईट असं मी म्हणणार नाही. पडद्यावर ‘तांबट’ उमटल्यावर तो नेमक्या कोणत्या फांदीवरून टुकटुक करतो आहे हे शोधायला निघालेल्याला त्याच ॲपने शिकवणी दिलेली असते. ईबर्डचा नियमही तसाच आहे: ॲपने सांगितलं एवढ्यावर नोंद करू नका, स्वतः पाहून वा ऐकून खात्री पटली तरच करा.