डोळ्यांवर पट्टी बांधलेले पाहुणे

मुलुंडच्या ज्या महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो, तेथे २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे काव्यवाचन होते आणि पहिल्या दोन रांगांपलीकडे ते कोणी ऐकत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी वाङ्मय मंडळाच्या वतीने आम्ही एक धाडस केले. चार नामवंत पाहुणे बोलावले, त्यांना टेबलामागे बसवून डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि समोर येईल त्या माणसाचा व्यवसाय ओळखायला सांगितला. प्रश्न असे हवेत की उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ यावे. दहा ‘नाही’ झाले की पाहुणे हरले.

खेळ अर्थातच उसना. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम १९५० ते १९६७ अशी सतरा वर्षे चालला. पट्टी तेथे फक्त प्रसिद्ध व्यक्तीच्या वेळी बांधत. आम्ही ती सरसकट बांधली. आम्हांला मोह पडला तो त्याच्या दारिद्र्याचा. एका ‘नाही’ला पाच डॉलर, म्हणजे बक्षीस फार तर पन्नास डॉलर! जिंकण्यासारखे काही नव्हते, म्हणूनच सगळे लक्ष प्रश्न कसा विचारला जातो याकडे राही. १९५७ साली चित्रकार साल्वादोर दाली तेथे आला आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणत सुटला. सूत्रसंचालक जॉन डेलीला मध्ये पडून खुलासे करावे लागले. नियमांची अशी मोडतोड करायलाही नियम साधे असावे लागतात.

हे आज दूरचित्रवाणीवर चालेल का, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा मुलांनी तत्काळ ‘आता होऊ दे धिंगाणा’चे नाव घेतले. स्टार प्रवाहवर २०२२ साली सुरू झालेल्या, सिद्धार्थ जाधवने सूत्रसंचालन केलेल्या या कार्यक्रमात कलाकारांचे दोन संघ खेळतात. मुलांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रसिद्ध माणसांचा खेळ लोक आजही पाहतात. पण तेथे संघ येतात ते वाहिनीच्याच मालिकांमधले, म्हणजे सून सून म्हणूनच येते. ओळखायचे कोणी आणि कोणाला? सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर बसतात, तेथेही खुर्चीवरच्या प्रसिद्ध माणसाचे मुख्य काम दाद देण्याचे. (आम्ही तो कार्यक्रम आवडीने पाहतो, हे येथे कबूल केलेले बरे.) दाद देणारा माणूस कधी चुकत नाही. आमच्या खेळात मात्र पाहुण्याला काहीतरी माहीत नसणे हीच पहिली अट असते.

बक्षिसाचे तर काय सांगावे. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर घराघरांत जात आणि एका पैठणीसाठी बायका मनसोक्त हसत-खेळत. २०२२ साली ‘महामिनिस्टर’मध्ये पैठणी अकरा लाखांची झाली आणि चर्चा सगळी पैठणीचीच झाली.

वस्तुतः आपल्याकडे हा खेळ परका नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक शाहीर दुसऱ्याला कोडे घाली आणि त्याने तेथल्या तेथे, कवनातच, उत्तर द्यावे अशी अपेक्षा असे. दोन्ही बाजूंचे शाहीर नावाजलेले, श्रोते जाणकार, आणि पणाला लागे ती अब्रू. उत्तर सुचले नाही तर ते साऱ्या गावाच्या देखत सुचत नसे. आजचा कार्यक्रम संकलकाच्या टेबलावर जातो आणि तेथे हे न सुचणेच सर्वांत आधी कापले जाते. ब्रिटनमध्ये ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ १९९० पासून चालू आहे. कापाकापी तेथेही होते, पण खुर्चीवर बसणाऱ्याला आपली स्वतःची जीभ आणावी लागते. भूमिकेची चालत नाही.

आमच्या कार्यक्रमाची सुरुवात वाईट झाली. एका पाहुण्यांच्या व्यवस्थापकाने आदल्या दिवशी उत्तरांची यादी मागितली. आम्ही दिली नाही, तेव्हा ते पाहुणे ‘ताप आल्यामुळे’ आले नाहीत. ऐनवेळी त्यांच्या खुर्चीवर आमचे ग्रंथपाल बसले. दुसऱ्या पाहुण्या मालिकेतल्या. सभागृहाने त्यांचे स्वागत त्यांच्या पात्राच्या नावाने केले.

तिसऱ्या फेरीत आम्ही घाटकोपरहून एका वृद्ध गृहस्थांना आणले होते. जमिनीच्या जुन्या व्यवहारांची मोडी कागदपत्रे वाचून देणे हा त्यांचा व्यवसाय. ‘हाताने काम करता?’ नाही. ‘विक्री करता?’ नाही. ‘जमिनीशी संबंध?’ होय. ‘वकील?’ नाही. सात ‘नाही’ झाल्यावर त्या मालिकेतल्या बाई थांबल्या. सभागृहही थांबले. अर्धे मिनिट तरी कोणी काही बोलले नसेल. पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मग त्यांनी हळूच विचारले, ‘तुम्ही मेलेल्या माणसांचे बोलणे जिवंत माणसांना सांगता का?’

गृहस्थ गोंधळून आमच्याकडे पाहू लागले. ‘होय’ म्हणावे की ‘नाही’, याचा निवाडा आम्हांलाही चटकन करता येईना. शेवटी तेच म्हणाले, ‘होय. पण तसं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.’ पुढच्याच प्रश्नाला ग्रंथपालांनी मोडी ओळखली. पुढचा तासभर त्या बाईंना कोणी पात्राच्या नावाने हाक मारली नाही.

संध्याकाळपर्यंत विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर जी चित्रफीत फिरली ती वीस सेकंदांची होती: बाईंची पट्टी घसरते आणि त्या ती हसत सावरतात. ते अर्धे मिनिट कोणीच टिपलेले नव्हते. टिपले असते तरी त्यात दिसण्यासारखे काय होते?

यंदा पुन्हा हाच कार्यक्रम करा, फक्त जरा वेगवान करा, असे वरून सांगण्यात आले आहे. पाहुण्यांची यादी तीन नावांवर अडली होती. चौथ्या खुर्चीसाठी आम्ही त्या मोडीवाल्या गृहस्थांनाच विचारले. पट्टी बांधावी लागेल, असे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘चालेल, पण घरची नेईन. तुमची फार घट्ट होती, त्या बाई बिचाऱ्या सारख्या सैल करत होत्या.’