पन्हळी रस्ता आणि चार नळकांडीं

ऑस्ट्रेलिया खंडाच्या वायव्य कोपऱ्यांत किम्बर्ले नांवाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. त्याच्या पश्चिम बाजूस डर्बी हें समुद्रकांठचें लहानसें गांव लागतें. तेथून पूर्वेस विंडम व कुनुनुरा ह्या गांवांकडे जाणारा सुमारें ६६० किलोमीटरांचा मार्ग गिब रिव्हर रोड ह्या नांवानें ओळखला जातो. १९६० च्या दशकांत पशुपालकांचीं गुरें बंदरापर्यंत नेण्याकरितां तो तयार झाला. डांबर थोडें, बाकी सर्व तांबडी माती, मुरूम आणि खडे. पावसाळ्यांत नद्या चढतात व वाट बंद पडते. म्हणून प्रवासी मे ते ऑक्टोबर ह्या कोरड्या दिवसांतच इकडे येतात. आम्ही उभयतां २०२४ च्या जुलई महिन्यांत ह्या रस्त्यानें गेलों.

जन्मभर मुलांकडून शब्दरूपावलि घोकवून घेणाऱ्या मास्तरास मोटारीच्या नळकांड्यांशीं काय कर्तव्य, असें वाचक विचारतील. तें कर्तव्य आमच्या सौभाग्यवतींच्या कमरेमुळें प्राप्त झालें. त्यांच्या कण्यांतील एक चकती सरकलेली असून, हिसके टाळावेत अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. पर्थ येथें राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें "काकू, तुला किम्बर्ले दाखविल्याशिवाय परत पाठविणार नाहीं" असा हट्ट धरला, आणि त्याही "पुढच्या वर्षीं कंबर कशी असेल कोण जाणे, जावयाचें तर आतांच" असें म्हणून बसल्या. पुतण्याजवळ टोयोटा हायलक्स होती. पुढें दोन ओळींत माणसें बसतात व मागें सामानाचा हौदा. आपण तिला पिकअप म्हणूं, तिकडे 'यूट' म्हणतात. तिच्या मागील एका शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल पाझरूं लागलें होतें. चारही बदलणें भाग होतें, आणि निवड करण्याच्या वेळीं आम्हांसही दुकानांत नेण्यांत आलें.

येथें त्या रस्त्याचा स्वभाव सांगितला पाहिजे. कोरड्या मातीवरून चाकें वारंवार धांवलीं म्हणजे रस्त्यावर आडव्या वळ्या उठतात. थेट पन्हळी पत्र्यासारख्या. हा दोष गाडीच्या स्प्रिंगांचा, अशी आमची समजूत होती. कीथ मॅथर नांवाच्या शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत वाळूच्या गोल वाटेवर चाक फिरवून ह्याचा अभ्यास केला व १९६३ सालीं तो प्रसिद्ध केला. चाक ठराविक वेगापुढें गेलें, कीं अगदीं लहानशा उंचवट्यावरून तें उडतें, पलीकडे आपटतें, तेथें खळगा पाडतें, आणि पुढें पुन्हां उडतें. म्हणजे पन्हळी चाकेंच घडवितात आणि मग त्याच चाकांना त्या सोसाव्या लागतात. खड्डा एकदां हिसका देऊन मोकळा होतो. पन्हळ मात्र तासन् तास ठोकत राहते.

दुकानांत एक तरुण कारागीर होता. आम्हीं त्यास सरळ विचारलें, "धक्का शोषून घेणारा हा पदार्थ आंतून असतो तरी कसा?" त्यानें नम्रपणें आमचा गैरसमज दूर केला. धक्का झेलते ती स्प्रिंग. पुढें वेटोळ्याची, मागें पाट्यांची. ओझेंही तीच वाहते. परंतु दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. तिची ही उड्या मारण्याची खोड मोडण्याचें काम नळकांड्याचें. त्यांतील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल रेटतो, तेल विरोध करतें, आणि हालचालीची शक्ति उष्णतेंत बदलून नळकांड्याच्या अंगावाटे हवेंत जाते. म्हणून इंग्रज ह्यास 'डॅम्पर' म्हणतात, व तेंच नांव अधिक खरें. डॅम्पर आणि दमन ह्यांचें ध्वनिसाम्य पाहून आम्हांस क्षणभर मोह झाला. पण दोहोंची व्युत्पत्ति निराळी आहे, हें कबूल करणें प्राप्त आहे. अर्थ मात्र आश्चर्यकारक रीतीनें जुळतो.

पन्हळींवर हें दमन अखंड चालतें आणि तेल तापत जातें. तापलेलें तेल पातळ होतें. आंतील वायु त्यांत मिसळून फेंस झाला, कीं दट्ट्यास विरोधच उरत नाहीं. गाडी मग नुसत्या स्प्रिंगांवर नाचूं लागते. तेव्हां ह्या रस्त्यासाठीं निवड करतांना नळकांडें किती मऊ वा किती कठीण, ह्यापेक्षां तें उष्णता किती वेळ सोसेल, हा प्रश्न मोठा.

पुतण्याचें मन केव्हांच एका जोडीवर जडलें होतें. नळकांड्याच्या बाहेर नळीनें जोडलेली तेलाची वेगळी कुपी, चकाकतें अंग, आणि किंमत ऐकून आम्हीं चष्मा काढून पुसला. मेक्सिकोंत १९६७ पासून जी बाहा नांवाची वाळवंटी शर्यत होते, तींतील गाड्यांना असलीं नळकांडीं असतात. तेल अधिक, म्हणून तापण्यास वेळ लागतो. गुण खरा आहे. दुसरा प्रकार एकाच नळीचा. १९५७ सालीं मर्सिडीज-बेंझ गाड्यांकरितां बिल्स्टीन ह्या जर्मन कंपनीनें तो प्रचारांत आणला. त्यांत तेल व दाबलेला नायट्रोजन ह्यांमध्यें तरती दट्टी असते, म्हणून फेंस होत नाहीं, आणि तेल बाहेरच्या भिंतीसच लागून असल्यामुळें लवकर निवतें. पण त्याच भिंतीस उडालेल्या दगडानें पोंचा आणला तर आंतील दट्ट्या अडकतो. तिसरा जुना प्रकार नळींत नळी. बाहेरची चेपली तरी आंतलें काम चालू राहतें, परंतु उष्णता सावकाश बाहेर पडते व वायु तेलांत मिसळण्याची भीति असते. ही भीति घालविण्यासाठीं बाहेरच्या नळींत मोकळ्या वायूऐवजीं बंद बुडबुड्यांच्या फोमचा पट्टा घालतात. असें जाड अंगाचें, भरपूर तेलाचें नळकांडें कारागीरानें आमच्यापुढें ठेवलें. दिसण्यांत अगदींच गांवठी होतें.

मग त्यानें एकच प्रश्न केला, "हौद्यांत वजन किती?" पुतण्या गप्प. त्यानें अंदाजानें ५०० किलो कायम ओझ्याचे पाटे मागितले होते. कारागीर म्हणाला, "आधीं कांट्यावर जा. ओझ्यापेक्षां कठीण पाटे घेतलेत तर गाडी दबणारच नाहीं. आणि जें गाडी सोसणार नाहीं तें बसणाऱ्याचा कणा सोसेल. शॉकही पाट्यांशीं जुळलाच पाहिजे."

कण्याचें नांव निघतांच निकाल लागल्यासारखाच होता. वजनकांट्यावर हौद्यांतील सामान ४१० किलो भरलें. त्या संध्याकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं काशीयात्रेचें बोचकें बांधावें तशा निश्चयानें हौदा रिकामा करविला. विजेचें जनित्र गेलें, लोखंडी भट्टी गेली, करवत गेली, दुसरा शीतकपाट गेला. ८० लिटर पाणी आणि दुसरें जादा चाक ह्यांस मात्र त्यांनीं हात लावूं दिला नाहीं. पुतण्यानें दबक्या आवाजांत पापड-कुरडयांच्या डब्याकडे बोट दाखविलें. त्यावर चर्चा झाली नाहीं. शेवटीं २९० किलो उरलें, ३०० किलोचे पाटे व तीं गांवठी नळकांडीं बसलीं, आणि वांचलेल्या पैशांतून आम्हां दोघांचें ब्रूमपर्यंतचें विमानाचें तिकीट निघालें. पुतण्या दोन हजारांहून अधिक किलोमीटर एकटा गाडी हांकीत आला.

डर्बी सोडतांच दुतर्फा बोआब वृक्ष दिसूं लागतात. सुरईसारखें फुगलेलें खोड, वर तुटपुंज्या फांद्या. आपल्या कोंकणांत कोठें कोठें जी गोरखचिंच आढळते, तिचाच हा सगोत्र. सौभाग्यवतींनीं तो पाहतांक्षणींच ओळखला. पहिला मुक्काम विंजाना घळीजवळ झाला. दोन्हीं अंगांस उभे चुनखडीचे कडे. हे एके काळीं समुद्रांतील प्रवाळाचे बांध होते, सुमारें ३५ कोटी वर्षांपूर्वींचे. खालीं डोहाच्या कांठीं गोड्या पाण्यांतील सुसरी ऊन खात स्वस्थ पडल्या होत्या. हा मुलूख बुनुबा लोकांचा. त्यांच्यांतील जंदमरा ह्या वीरानें गोऱ्यांशीं तीन वर्षें झुंज दिली व १८९७ सालीं जवळच्याच टनेल क्रीक येथें तो मारला गेला. त्या कड्यांखालीं उभें राहिल्यावर बोलणें आपोआप बंद होतें.

दुसऱ्या दिवशीं पन्हळी खरोखर सुरू झाल्या. उजेडीं मुक्काम गांठावा म्हणून पुतण्यानें वेग वाढविला. टायरांत अद्याप डांबरी रस्त्याची ४० पौंड हवा होती. मागची बाजू बाजूस सरकूं लागली. इतक्यांत सौभाग्यवती म्हणाल्या, "डावीकडे खालीं पातेल्यांत चमचा वाजल्यासारखें होतें आहे. थांब." पुतण्यास कांहींच ऐकूं येत नव्हतें; तरी तो थांबला. दुकानांतील कारागीरानें सांगितलेली परीक्षा आम्हांस आठवली : पन्हळींवरून आल्यावर प्रत्येक नळकांड्याजवळ हाताची मागची बाजू न्यावी, जें थंड, तें काम करीत नाहीं. तीन नळकांडीं चटका बसेल अशीं तापलेलीं. डावें मागचें थंडगार. वांकून पाहतों तों खालचा नट गळून गेलेला आणि नळकांडें बोल्टाच्या टोंकावर कसेंबसें अडकलेलें!

आतां आमचा अपराध सांगतों. "नवे शॉक बसविल्यावर ५०० किलोमीटरांनीं नट-बोल्ट पुन्हां आवळा," असें त्या कारागीरानें बजाविलें होतें, आणि पुतण्या किंमतीची घासाघीस करीत असल्यामुळें तें आम्हीं आमच्या वहींत टिपून घेतलें होतें. ती वही आमच्या पिशवींत विमानानें ब्रूमला आली. गाडी खालून आली. जन्मभर इतरांच्या वह्या तपासणाऱ्यानें स्वतःची उघडून पाहिली नाहीं. आणखी पांच-दहा किलोमीटर तसेच गेलों असतों, तर नळकांडें तुटून टायरांत शिरलें असतें, किंवा सौभाग्यवतींच्या कमरेनें उरलेला हिशेब चुकता केला असता. आम्हीं हें सर्व त्यांस सांगितलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "वही वाचून दाखवा बरें, आणखी काय काय लिहिलें आहे तें."

मागून येणाऱ्या एका वृद्ध ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या डब्यांत मापाचा नट सांपडला. बदल्यांत त्यांनीं कुरडयांचें तळण खाऊन पुन्हां मागून घेतलें. चारही ठिकाणचे नट आवळले. हवा २८ पौंडांवर आणली. वहीप्रमाणें वेग उतरविला आणि दर तासास दहा मिनिटें गाडी उभी करूं लागलों. डर्बीपासून सुमारें ३०० किलोमीटरांवर माउंट बार्नेट येथें पेट्रोलपंप व दुकान आहे. तेथें एक तशीच यूट शॉकचा कोंबच चिरल्यामुळें ट्रकवर चढविलेली पाहिली. तिच्या हौद्यांत काय काय होतें हें पुतण्यानें फार बारकाईनें न्याहाळलें, आणि नंतर बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं.

पूर्वेकडे पेंटेकोस्ट नदी आडवी येते. समोर कॉकबर्न पर्वताची तांबडी भिंत, मध्यें दगडगोट्यांवरून वाहणारें रुंद पाणी. त्यांत खाऱ्या पाण्याच्या मगरी असल्यामुळें पायीं उतरून खोली पाहतां येत नाहीं. नदीच्या अलीकडे गाडी थांबविली. पुतण्या उतरण्यापूर्वींच सौभाग्यवती काठी टेकीत चाकांमागून हळूहळू फिरल्या, आणि प्रत्येक नळकांड्याजवळ त्यांनीं हाताची मागची बाजू नेली.

"चारही सारखेच ऊन आहेत," त्या म्हणाल्या. "जरा निवूं दे, मग घाल पाण्यांत."