तो आवाज कुणाचा?

माझ्या आईचा आवाज गोड आहे असं कुणी म्हणणार नाही. अंगणवाडीत वीस-बावीस वर्षं पोरांना हाका मारून मारून तो पार घोगरा झालाय. पण मुरबाड तालुक्यातल्या आमच्या वाडीत "बाई, चिमण्या!" अशी फर्माईश झाली की आई खिचडीचा डाव बाजूला ठेवते आणि गायला लागते. वजनाची नोंद राहून गेली तरी चालते. चिमण्या राहून चालत नाही.

हे गाणं आईचं नव्हे, दूरदर्शनचं. आई लहान असताना ग्रामपंचायतीत एकच संच होता. दोन कार्यक्रमांच्या मधे कधीतरी सातेक मिनिटांचा एक चित्रांचा सिनेमा लागे, 'एक, अनेक और एकता'. मुलं ताईला विचारतात, अनेक म्हणजे काय? ताई गोष्ट सांगते. दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्या पारध्याच्या जाळ्यात सापडतात, सगळ्या मिळून जाळ्यासकट उडतात आणि त्यांचे मित्र उंदीर जाळं कुरतडून त्यांना सोडवतात. एवढीच गोष्ट. आईनं ती किती वेळा पाहिली असेल देव जाणे! गाणं मात्र तिला कायमचं पाठ झालं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ मोबाईलवर जपानी कार्टून बघत बसला होता. मी सहज टोमणा मारला, तर त्यानं मलाच शिकवायला सुरुवात केली. जपानमध्ये म्हणे कार्टूनची शीर्षकगीतं गाणारे स्वतंत्र गायक असतात आणि लोक त्यांना डोक्यावर घेतात. इचिरो मिझुकी नावाचे एक गायक होते. १९७२ साली 'माझिंगर झेड' या मालिकेचं गाणं गायले आणि पुढे सगळ्या देशाचे 'आनिकी', म्हणजे आपले दादा झाले. १९९९ साली त्यांनी चोवीस तासांत हजार गाणी म्हटली. फुप्फुसाचा कर्करोग झाल्यावरसुद्धा २०२२च्या नोव्हेंबरात ते रंगमंचावर आले, आणि ६ डिसेंबरला गेले.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मग आपल्या चिमण्या कुणी गायल्या?"

भाऊ गप्प. मीही गप्प. मी कला शाखेची विद्यार्थिनी, मराठी विषय घेतलेली, आणि ज्या गाण्यावर मी वाढले ते कुणाचं, हे मला माहीत नव्हतं! आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते, पण नळ सोडणाऱ्याला शहापूर कुठल्या दिशेला ते सांगता यायचं नाही. आपली गत तीच.

सुट्टी संपल्यावर शहापूरच्या स्टँडवर किन्हवलीकडून मुरबाडला जाणाऱ्या गाडीची वाट बघता बघता शोधायला बसले, तर एकेक नाव आपल्याच माणसांचं निघत गेलं. दिग्दर्शिका विजया मुळे. चित्रं हलवली भीमसेन यांनी, ज्यांनी पुढे 'घरौंदा' हा चित्रपट केला. शब्द विनयचंद्र मौद्गल्य यांचे. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय त्यांनीच काढलं. संगीत आपल्या कोकणातल्या वसंत देसायांचं. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना शाळाशाळांतून म्हटल्या जातात. मीही हात जोडून त्या म्हटल्या आहेत, त्यांचं नाव न जाणता. १९७४ साली हा सिनेमा झाला, त्याला शैक्षणिक चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. पुढच्याच वर्षी देसाई लिफ्टच्या अपघातात गेले.

आणि आवाज? तो होता दाभोळच्या साधना घाणेकर नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचा. १९६९चा तिचा जन्म. आई नीला घाणेकर शास्त्रीय गाणाऱ्या आणि संगीत शिकवणाऱ्या. मुलीला पंडित जसराजांकडे तालीम मिळाली. संगीत संयोजक अनिल मोहिले यांच्या ओळखीतून ती कल्याणजी-आनंदजींकडे पोचली आणि १९८२च्या 'विधाता'मध्ये पद्मिनी कोल्हापुरेसाठी गायली. चिमण्यांचं गाणं गाणारी तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती!

इथून पुढे 'ती' म्हणणं बरं दिसत नाही. त्या साधना सरगम झाल्या. १९९२ साली 'विश्वात्मा' आणि 'जो जीता वही सिकंदर' या दोन चित्रपटांतली त्यांची गाणी घरोघर गेली. त्या कितीतरी भाषांत गायल्या. आणि गंमत अशी की २००१ सालचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो हिंदीसाठी नव्हे, मराठीसाठीही नव्हे, तर 'अळगी' या तमिळ चित्रपटातल्या इलैयाराजांच्या गाण्यासाठी. कोकणच्या मुलीनं परक्या भाषेतला उच्चार आणि भाव दोन्ही सांभाळायचे, हे येरागबाळ्याचं काम नाही. तरी त्यांचं नाव घेतलं की लोक एखाददुसरं गाणं आठवतात, चेहरा पटकन आठवत नाही. मिझुकींना रस्त्यात ओळखणारे लोक होते. आमच्या गावात साधना सरगम एस.टी.त येऊन बसल्या असत्या तर कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं असतं आणि पुढे गेला असता.

घरी येऊन आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे माझ्याहून मोठी आहे ती?" इतकी वर्षं तिच्या मनात ती मुलगी पाच वर्षांचीच राहिली होती. मग मी 'आईशप्पथ' या २००६च्या चित्रपटातलं अशोक पत्कींच्या चालीवरचं गाणं लावलं. हे गाणं आई भाकऱ्या थापताना नेहमी गुणगुणते. म्हटलं, हाही तोच आवाज. आईनं तवा उतरवला आणि पूर्ण गाणं ऐकलं. "अगं बाई! मला वाटायचं ही कुणी वेगळी."

आता जे सांगायचं ते सांगून टाकते.

आईच्या अंगणवाडीत कातकऱ्यांची आणि ठाकरांची पोरं येतात. घरचे लोक लावे धरतात, मासे मारतात. एकदा गाणं संपल्यावर एका कातकऱ्याच्या पोरानं विचारलं, "बाई, मग त्या पारध्याच्या पोरांनी काय खाल्लं?" आईकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री तिनं गाणं आपल्या बोलीत नव्यानं रचलं आणि एक कडवं वाढवलं. त्यात उडून जाताना चिमण्या खाल्लेले सोडून उरलेले दाणे चोचीनं गोळा करून पारध्याच्या दारात ठेवून जातात. तेव्हापासून ते पोर रोज यायला लागलं.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी ते गाणं म्हटलं. टाळ्या झाल्या. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, "दाण्यांची कल्पना फारच सुंदर आहे. तुझीच का?" आणि मी "हो" म्हणाले. का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. आई दोन गाड्या बदलून आली होती, मागच्या रांगेत बसली होती. बक्षिसाचा कप तिनं घरी जाईस्तोवर मांडीवर धरला. एक शब्द बोलली नाही. त्या कपात आता आगपेटी आणि सुया असतात.

त्या आवाजाचं नाव सांगितलं त्याच रात्री मी आईपुढे सगळं कबूल केलं. गाणं तुझं होतं आणि मी माझं म्हणून सांगितलं, असं म्हणताना रडूही आलं. आई चुलीतली लाकडं मागे ओढत होती. बराच वेळ तिनं काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली,

"ते असू दे गं. पण त्या दिवशी उंदरांचं कडवं तू खाल्लंस. चिमण्या जाळ्यातच राहिल्या."