एकोणीस वर्षांचा एल्डर

2019 च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी गावात पोचलो. नवव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर 43 डिग्री होतं. माझा तेलुगू रूममेट आतून ओरडला, "उघडू नको, काहीतरी विकायला आले असतील." मी उघडलं, कारण नऊ दिवसांत माझ्या दारावर कुणी आलंच नव्हतं.

दोन पोरं उभी होती. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, खिशावर काळी नेमप्लेट. घामाने शर्ट पाठीला चिकटलेले. उंच पोराने नाव सांगितलं, आडनावाच्या आधी 'एल्डर' लावून. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. ज्येष्ठांच्या हनुवटीवर तेव्हा दोन पिंपल्स होते.

ते येशूबद्दल बोलायला लागले. मी मध्येच विचारलं, "पाणी देऊ का?"

आमच्याकडे साताऱ्याला दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग काय काम आहे ते विचारतात. माझ्या डोक्यात एवढंच होतं. पण दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की त्या दिवशी त्यांना हे विचारणारा मी पहिलाच असणार. दोघं घटाघटा दोन-दोन ग्लास प्यायले आणि पुढच्या गुरुवारी परत आले.

हे मॉर्मन मिशनरी. मॉर्मन हा शब्द त्यांच्या चर्चला आता नको असतो. चर्चचं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि तेच वापरा असं 2018 मध्ये त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. उंच एल्डर ते पूर्ण नाव दर वेळी न थकता म्हणायचा. 1820 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातला जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा रानात गेला आणि कुठला पंथ खरा, असं त्याने थेट देवालाच विचारलं. तिथून सगळं सुरू झालं. ही गोष्ट तो मन लावून सांगायचा. मी मन लावून ऐकायचो, पण माझं लक्ष गोष्टीपेक्षा त्याच्याकडेच जास्त असायचं.

तो आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावरचा. वय 19. कुठे जायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. अर्ज करायचा आणि चर्च पाठवेल तिथे दोन वर्षं जायचं. पगार नाही, उलट तेव्हा महिन्याला 400 डॉलर घरून भरावे लागायचे. शाळेत असताना शेतावर काम करून त्याने त्यातले बरेच जमवले होते. प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये थोडं शिकवतात आणि मग रस्त्यावर सोडतात. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग दिवसभर लोकांची दारं. रात्री साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, डेटिंग नाही, चहा-कॉफी नाही. माझा आल्याचा चहा त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडून नाकारला, म्हणून मी लिंबू सरबत करायला लागलो.

आणि जोडीदाराला सोडून कुठेही जायचं नाही. बाथरूम सोडलं तर चोवीस तास दुसरा माणूस नजरेच्या टप्प्यात. जोडीदार आपण निवडत नाही, आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. माझ्या चार जणांच्या फ्लॅटमध्ये भांडी कोणी घासायची यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. म्हणून मी विचारलं, "पटलं नाही तर?"

"मग त्याच्यासाठी प्रार्थना करतो," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आणि त्याचे बूट पॉलिश करतो. राग राहत नाही."

एकदा संध्याकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये हे दोघं दिसले. दार वाजवायचं आणि लगेच दोन पावलं मागे यायचं. पहिलं दार उघडलं नाही. दुसऱ्या दारातल्या बाईने काचेतूनच हात हलवला. तिसऱ्याने उघडलं आणि दोन शब्दांत लावून घेतलं. चौथ्याने कुत्रा पुढे केला. मी सात दारं मोजली. प्रत्येक दारानंतर उंच एल्डर टाय सरळ करायचा आणि पुढच्या दारासमोर पहिल्यांदाच आल्यासारखा हसायचा.

नंतर विचारलं, "ती दोन पावलं मागे का?"

"आतल्या माणसाला भीती वाटू नये म्हणून."

"आणि दिवसाला असे किती नकार?"

"मोजत नाही. मोजले की झोप येत नाही."

दर गुरुवारी निघताना ते प्रार्थना करायचे. पाठ केलेली नाही, त्या क्षणी सुचेल ती. एकदा त्याने मला म्हटलं, "आज तू कर. तुझ्या भाषेत कर." मला घाम फुटला. लहानपणी आजीबरोबर दिवेलागणीला रोज शुभंकरोती म्हटलं होतं, रामरक्षा अजून पाठ आहे. पण स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मी म्हटलं, "आमच्यात असं नसतं." हे काही खरं नव्हतं. आमचे सगळे संत विठ्ठलाशी भांडलेसुद्धा आहेत. मला जमत नव्हतं, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये बाबांची बायपास ठरली. पुण्यात, सकाळी आठला. आमच्यात साडेबारा तासांचा फरक, म्हणजे माझ्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. मिडटर्म चालू होत्या आणि तिकिटाला पैसे नव्हते. आई म्हणाली, "तू येऊन काय करणार आहेस? अभ्यास कर." नेमका गुरुवार होता. दोघं आले, माझा चेहरा बघून पुस्तक बॅगेतून काढलंच नाही. मी फोडणीचा भात केला होता, तो तिघांनी खाल्ला. मग उंच एल्डरने विचारलं, "वडिलांचं नाव काय?"

"दत्तात्रय."

तो माझ्या खरकट्या ताटांच्या शेजारी कार्पेटवर गुडघे टेकून बसला आणि प्रार्थना करायला लागला. त्याच्या तोंडून नाव 'डेटा-ट्रे' असं येत होतं. एरवी मला हसू फुटलं असतं. त्याने सर्जनच्या हातांसाठी मागितलं, आईच्या धीरासाठी मागितलं, आणि लांब असलेल्या मुलाला झोप लागावी म्हणून मागितलं. मी डोळे उघडे ठेवले होते. त्याच्या बुटाच्या तळव्याला भोक पडलं होतं.

बाबा बरे झाले. ते सर्जनमुळे, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली होती.

तिथून अवघड झालं. पुढच्याच भेटीत त्याने विचारलं, "बाप्तिस्म्याचा विचार करशील?" मी म्हटलं, "बघू." मराठी माणसाचं 'बघू' म्हणजे नाही, हे त्याला कुठून कळणार? तो आनंदला. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी टिपायला लागला. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसलं. त्यात माझं नाव होतं, भेटींच्या तारखा होत्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखेची जागा रिकामी होती. आठवड्याचे हे आकडे त्यांना वर कळवायचे असतात. आधी मला राग आला. म्हणजे मी यांच्या बोर्डावरचं एक तिकीट आहे! मग वाटलं, मी तरी काय केलं? मला एकटं वाटतं म्हणून मी एका पोराचे दोन महिन्यांचे गुरुवार वापरले होते. तो खरं बोलत होता. मी बोलत नव्हतो.

आईला सांगितलं तर ती घाबरली. "धर्म बदलायला लावतायत का रे?" बाबांनी तिच्याकडून फोन घेतला. ऑपरेशनमुळे आवाज अजून बारीक होता. म्हणाले, "आपल्यासाठी कुणी देवाकडे मागत असेल तर त्याला नको म्हणू नये. पण तुला जायचं नाही त्या वाटेला, हे त्या पोराला सांगितलंस का?"

पुढच्या गुरुवारी सरबत करायच्या आधीच सांगितलं. मी बाप्तिस्मा घेणार नाही, आता नाही आणि नंतरही नाही. तू येतोस ते मला आवडतं, पण ते तुझ्यामुळे, तुझ्या पुस्तकामुळे नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

त्याचा चेहरा उतरला. त्याने तो लपवलाही नाही. मग म्हणाला, "तोंडावर सांगितलंस, थँक्यू. बहुतेक लोक फोन उचलणं बंद करतात. मग आम्ही महिनाभर त्यांच्या दारात जात राहतो. आत लाइट चालू असतो."

त्यानंतर ते दर गुरुवारी आले नाहीत. यायला वेळ नव्हता, ज्यांनी नाही म्हटलं नव्हतं अशी दारं बाकी होती. जानेवारीत तो एकदा आला, बदली झाली हे सांगायला. निघताना नेहमीसारखा थांबला. मी म्हटलं, "आज मी करतो." डोळे मिटले आणि मराठीत म्हणालो, "देवा, ह्याला नवे बूट मिळू देत. आणि घरी नीट पोचव." त्याला एक अक्षर कळलं नाही. आमेन मात्र जोरात म्हणाला.

मार्चमध्ये कोविड आला आणि मिशनऱ्यांचं दारोदार फिरणं थांबलं. माझी इंटर्नशिप रद्द झाली. उन्हाळाभर मी अर्ज पाठवत होतो. शंभराच्या पुढे मीही मोजणं सोडलं. नकार आला तर त्रास व्हायचा, पण काहीच न येण्याचा त्रास जास्त होता. आत लाइट चालू असतो, हे त्या महिन्यांत मला नीट कळलं. एका रिक्रूटरने चक्क फोन करून 'आम्ही तुला घेत नाही आहोत' असं सांगितलं, तेव्हा मी तिचे इतके आभार मानले की ती गोंधळली.

2021 च्या वसंतात त्याचा मेसेज आला. दोन वर्षं संपवून घरी पोचला होता. शेतात बटाट्याच्या लागवडीची गडबड चालू होती. बाप्तिस्मे किती झाले ते त्याने लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही. शेवटची ओळ होती, 'डेटा-ट्रे कसे आहेत?' नाव अजून तसंच, जसं ऐकलं तसं लिहिलेलं.

मी तो मेसेज बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्याला लिही, रोज चार किलोमीटर चालतो म्हणून. आणि विचार, यंदा बटाट्याला भाव काय आहे तिकडे."